नांदगावात शिजलेलं रबर

नांदगावला बघण्यासारखं आहे तरी काय, असं जाण्याआधी मला चार जणांनी विचारलं आणि आल्यावर सहा जणांनी. लोक काश्मीरला जातात, केरळला जातात, निदान वणीला तरी जाऊन येतात. मी आणि माझे वडील चार दिवस नांदगावला राहून आलो, तेही आमच्या चव्वेचाळीस वर्षांच्या अँबॅसडरचं काचेभोवतीचं रबर बदलायला. शाळेच्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर बायकांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. ज्यांना हसायचंय त्यांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मग खुशाल हसावं.

आधी गाडीची ओळख करून देते, कारण आमच्या घरात तिचा मान माझ्याहून मोठा आहे. एकोणसाठ सालची गाडी. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, ती एकोणसत्तर साली एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला होता; गुलाब, झेंडू, शेवंती. लोक गाडीत माणसं बसवतात, नानांनी फुलं बसवली. पहाटे डिकीत आणि मागच्या सीटवर पाट्या भरून गाडी फुलबाजारात जायची आणि दिवसभर तिला गुलाबाचा वास यायचा. मी कॉलेजात त्याच वासात गेले, मैत्रिणी म्हणायच्या हिच्या घरी अत्तराचं दुकान आहे.

दसऱ्याला या गाडीचे लाड बघावेत. आदल्या दिवशी आंघोळ, मग हळदकुंकू, झेंडूची माळ. आणि शेवटी नाना वाटीत खोबरेल घेऊन बसायचे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तसं गाडीच्या सगळ्या रबरांना बोटानं तेल जिरवायचे. पुढच्या काचेभोवती, दारांभोवती, डिकीच्या झाकणाखाली, एक कोपरा सुटायचा नाही. रबर असं काळंभोर चमकायचं की नवी गाडी झक मारील. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मी लहानपणी हट्ट केला की म्हणायचे, "तुला नाय जमायचं. तुझे हात कोरडे हायेत."

शहाण्णव साली मळा गेला, तिथे प्लॉट पडले. नानांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, सांभाळ. आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगीत शेड नाही. गाडी रस्त्याच्या कडेला उन्हात उभी. दसऱ्याला नाना वाटी घेऊन यायचे, तेल लावायचे, पण दर वर्षी रबर जास्तच फुगलेलं, फाटलेलं दिसायचं. मग ते बोट फिरवायचे आणि जिभेनं 'च्' करायचे. एवढंच. एकदाच तोंडानं बोलले, "उन्हानं खाल्ली तुझ्या दारात." तो शब्द माझ्या अंगात काट्यासारखा रुतून बसला. सात वर्षं मी बाहेर ताडपत्री घातली, जुनी चादर घातली, शेजारणीशी झाडाच्या सावलीवरून भांडले. रबर सडतच गेलं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात पुढच्या काचेतून इतकं पाणी आलं की पायाशी चक्क अळंबी उगवली. नाना बघून गेले आणि घरून निरोप पाठवला: मेलेल्या गाडीची पूजा मी करणार नाही, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला यायला सांगितलंय. आता मला गाडी वाचवायची होती हे तर खरंच. पण त्याहून खरं हे, की मला तो 'च्' बंद करायचा होता. मी सांभाळलं नाही, हा डाग घेऊन मला राहायचं नव्हतं.

नाशिकच्या दुकानांतून दोनदा तयार रबर आणलं. दोन्ही नव्या मॉडेलचं. एक आखूड पडलं, दुसरं काचेवर बसेच ना. शेवटी फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या एकानं सांगितलं की नांदगावला दामूअण्णा म्हणून आहेत, पंपाचं रबर घरी बनवतात, नमुना दिला तर काहीही ओततात. मी दसऱ्याच्या पंधरवडाभर आधी चार दिवस रजा टाकली. नाना म्हणाले, मी बी येतो. गाडीवरच्या प्रेमानं नव्हे, माझ्यावरच्या अविश्वासानं.

चांदवडच्या पुढे

चांदवडपर्यंत द्राक्षं, कांदा, टोमॅटो. पुढे मनमाडकडे वळलं की जमीन एकदम रंग बदलते. मी गेली सोळा वर्षं भूगोल शिकवते. फळ्यावर सह्याद्रीच्या रांगा काढून काढून माझा खांदा गेला, पण मनमाडच्या अलीकडे तो उभा सुळका, मूठ मिटून अंगठा वर केल्यासारखा, समोर आला तेव्हा मी गाडी बाजूलाच घेतली. डागाळलेल्या काचेतून बघवेना, म्हणून उतरून बघितलं. दोन्ही बाजूंना बाजरी कापणीला आलेली, वर एक ढग नाही, आणि हे काळं बोट आभाळात. मुलांना मी याचं वर्णन 'लाव्हारसाचे थर' असं सांगत आले. सपशेल चुकीचं नाही, पण अगदीच अपुरं आहे हो!

त्या उतरण्याचढण्यात मी बॉनेट एकदा उघडून पाणी बघितलं आणि झाकण जरा जोरात आपटलं. दोनेक किलोमीटर गेल्यावर टण्णकन आवाज झाला. बॉनेटच्या मधोमध जाणारी लांब चकचकीत पट्टी उडाली होती. नानांनी 'च्' केलं. आम्ही मागे चालत गेलो, मी बाभळीत शोधतेय, नाना काठीनं गवत बाजूला करतायत. तेवढ्यात एक मेंढपाळ आजोबा येताना दिसले आणि त्यांच्या हातात आमची पट्टी! त्या पट्टीनं ते मेंढरं हाकत होते.

त्यांचं म्हणणं, ही काठी लय हलकी, चमकती बी, मेंढरं घाबरत्यात. द्यायला तयार होईनात. मी गाडी दाखवली, बॉनेटवरची भोकं दाखवली, तरी ते म्हणाले, मग मी कशानं हाकू? नानांनी आपली शिसवी काठी पुढे केली. चौदा वर्षांची काठी, चांदीच्या कडीची. आजोबांनी तोलून बघितली आणि सौदा झाला. परत येताना नाना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. मी एवढी मोठी झाल्यावर पहिल्यांदाच.

नांदगाव

दामूअण्णांची शेड बाजाराच्या मागे, बोरीच्या झाडाखाली. जवळ गेलं की गंधक, वाफ आणि रस्त्यावरच्या तापल्या डांबरासारखा वास येतो. अण्णा सत्तरीच्या घरातले, मालेगावकडचे, अंगात बनियन आणि हात मनगटापर्यंत कायमचे काळे. गाडीला एक प्रदक्षिणा घातली, हात मागे बांधून. मग म्हणाले, बनतं. पण राहावं लागंल.

कुठे राहायचं हे विचारायच्या आत त्यांची बायको गिरजाकाकूंनी ताटं मांडली होती. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, चहा घेणार का, आणि पाहुणा नको म्हणतो, मग पुन्हा विचारतात. इथे विचारणं हा अपमान. बाजरीची भाकरी, डुबुकवड्यांची आमटी, तीवर तेलाचा तवंग, आणि मिरचीचा खर्डा असा की नानांनी दोनदा टोपी काढून डोकं पुसलं. तिसरी भाकरी त्यांनी नको म्हटली तर काकूंनी ती मोडून त्यांच्या आमटीतच टाकली.

काकूंचं माहेर नाशिकचं, तांबट आळीतलं. जेवण झाल्यावर त्यांनी आमची वाकलेली पट्टी मागितली. मेंढरांवर आपटून तिला तीन ठिकाणी पोचे पडले होते. मला वाटलं, बाई राखेनं घासून देतील. त्यांनी कपाटातून बाभळीचा एक ठोकळा काढला, त्यात लांब खाच होती, आणि बोटाएवढी हातोडी. पट्टी उलटी ठेवली आणि आतून टिक टिक टिक सुरू केलं. बघायच्याही आधी त्या बोटानं चाचपायच्या, डोळे बाहेर रस्त्यावर आणि गप्पा माझ्याशी. तांबट आळीतला अमुक मारुती अजून आहे का, ठोक्यांचा आवाज अजून येतो का. मी म्हटलं, कमी झालाय. त्या म्हणाल्या, कळतं मला, नाशिकहून आलेली भांडी मुकी वाटतात आता.

तासाभरात पट्टी सरळ. मी उजेडात धरली, तिच्यात बोरीचं झाड सरळ दिसत होतं, एक फांदी वाकडी नाही. मी चाळीस वर्षांची बाई, बी.एड. झालेली, पण माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

दुसरा दिवस

सकाळी अण्णांनी नमुने कापायला घेतले. पुढच्या काचेच्या रबराचा वीतभर तुकडा, दाराचा एक, डिकीचा एक. चाकूवर आलेलं काळं चिकट त्यांनी बोटात चोळलं, नाकाशी नेलं. मग पुन्हा डिकीचा तुकडा नाकाशी नेला.

"ह्याला तेल कोण पाजतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तेल नाही हो अण्णा, हे उन्हानं झालंय, माझ्या दारात उभी असते ना. सात वर्षं मनात रुतलेलं वाक्य माझ्या तोंडून आपसूक निघालं.

"ऊन लागलं तर रबर वाळतं, तडकतं, खडूवानी भुगा होतो," अण्णा म्हणाले. "हे तर चिकट झालंय, फुगलंय. आन् डिकीच्या झाकणाखाली ऊन कुठून येणार, बाई? तिथं बी हेच. रबर तेल पितं, फुगतं, मग सडतं. लय वर्षं पाजलंय कोणी तरी. लय मन लावून पाजलंय."

नाना दारापाशी उभे होते. काठी नव्हती म्हणून गाडीचं दार धरून.

"खोबरेल बी चालत नाय?" त्यांनी विचारलं.

"कोणतंच नाय," अण्णा म्हणाले.

खरं सांगते, सात वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते. कुणीतरी यावं आणि म्हणावं, सुमनची, म्हणजे माझी, चूक नव्हती. मनातल्या मनात मी कितीदा तरी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आता नाना स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होते, ज्या बोटांनी चौतीस दसरे त्यांनी या रबराला तेल जिरवलं. मी पटकन म्हटलं, ऊनही होतंच की अण्णा, दोन्ही मिळून झालं असेल. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. ते बी असंल, म्हणाले, आणि कामाला लागले. नाना गाडीत जाऊन बसले, दुपारच्या जेवणापर्यंत उतरले नाहीत.

मी मात्र शेडमधून हलले नाही, आणि त्या दिवशी जे बघितलं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. अण्णांनी तुकड्याचं कापलेलं तोंड शाईत बुडवून कागदावर उठवलं, शिक्क्यासारखं. त्यावरून पोलादाच्या चकतीत तसंच भोक कानशीनं पाडायला घेतलं. दोन खाचा, एक काचेसाठी, एक पत्र्यासाठी, आणि मधे रबर घट्ट धरणारी बारीक रबरी पट्टी बसायची चीर. मी म्हटलं, अण्णा, भोक लहान झालं. ते हसले. म्हणे, रबर बाहेर आल्यावर फुगून अंग टाकतं, कोंडलेलं माणूस सुटल्यावर टाकतं तसं. किती टाकेल हे कुठे लिहिलेलं नाही, फक्त त्यांच्या डोळ्यात आहे.

मग कच्चं रबर दोन रुळांमधून मळलं, पुन्हा पुन्हा, त्यात काजळी आणि गंधक. मळलेला गोळा यंत्रात घातला. यंत्र म्हणजे काय, आपला कुरडईचा सोऱ्याच, फक्त बैलाएवढा. आणि त्या चकतीच्या भोकातून रबर बाहेर यायला लागलं. काळं, गरम, मऊ, खाचाबिचांसकट, अखंड. काकू आणि मी दोन्ही हातांनी झेलत शंखजिऱ्याची पांढरी पूड पसरलेल्या परातीत वेटोळी घालत होतो, अगदी वाळवणाला बसल्यासारख्या. पहिलं वीतभर अण्णांनी कापून दाराच्या चौकटीला टांगलं, ते कामाला घेत नाहीत, ते यंत्राच्या मानाचं. पहिल्या खेपेला खाच रुंद झाली, ते सगळं परत रुळांत घातलं आणि कानस पुन्हा चालली. दुसऱ्या खेपेला त्यांनी तुकडा आमच्या जुन्या काचेच्या कडेवर बसवला. चप्प.

"आत्ते दखा," अण्णा म्हणाले. आता बघा. खुशीत आले की ते अहिराणीवर जातात.

तिसरा आणि चौथा दिवस

तिसरा दिवस वाफेचा. रबर लोखंडी पिंपात बंद करून शिजवतात. कच्चं असताना ते बोटानं दाबलं की खळगा राहतो, शिजलं की ताणलं तरी परत जागेवर येतं. अण्णांनी शिजलेला तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ओढा. मी सगळा जोर लावला, सोडलं, आणि ते माझ्या बोटांवर फटकन बसलं. दुखलं, पण असलं आनंदाचं दुखणं मी कधी अनुभवलं नव्हतं. नाना तेव्हा पहिल्यांदा शेडमध्ये आले. त्यांनीही तुकडा हातात घेतला, पण ओढला नाही. आधी धोतराला बोटं पुसली, मग घेतला.

चौथ्या दिवशी काच बसवली. मला वाटायचं काच ठोकून बसवतात. तसं नाही. रबर आधी काचेला घालायचं. मग रबराच्या पत्र्यासाठीच्या खाचेत बारीक दोरी फिरवायची, दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची. साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून जागेवर धरायची. आतला माणूस दोरी हळूहळू ओढतो, तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटतो, आणि बाहेरचा माणूस नेमक्या तिथे तळव्यानं दाबतो. जास्त ओढलं तर ओठ फाटतो, जास्त दाबलं तर काच फुटते.

अण्णांनी मला आत बसवलं. बाहेर स्वतः उभे राहतील असं वाटलं, तर म्हणाले, गाडी ज्यांची त्यांनी. नाना बॉनेटवर झुकले, दोन्ही तळवे काचेला लावून. मी ओढायचं, ते दाबायचे. वीत ओढली, ते वीतभर सरकले. बोलायची गरजच पडेना. माझ्या समोर काचेपलीकडे त्यांचे तळवे, गुलाबाच्या काट्यांनी पडलेल्या जुन्या रेघा, त्या मी इतक्या जवळून कधी बघितल्याच नव्हत्या. त्यांची नजर दोरीवर, माझी त्यांच्या हातांवर. शेवटच्या कोपऱ्याला दोरीचं टोक सुटलं आणि काच कडेकडेनं अशी बसली की गाडीनं श्वास घेतला असं मला वाटलं. बाहेरून अण्णा म्हणाले, "बेस शे." छान आहे. काकूंनी चिरेत ती रबरी पट्टी सारली, दारांची रबरं चढवली. बॉनेटवरची चकचकीत पट्टी शेवटी.

मग पाण्याची परीक्षा. नाना आत बसले, आम्ही बादल्यांनी काचेवर पाणी ओतलं. दहा-बारा बादल्या तरी ओतल्या असतील. आत नाना कोपऱ्याकोपऱ्यात बोट फिरवत होते, आणि प्रत्येक वेळी बोट कोरडं निघालं की ते आमच्याकडे धरून दाखवत होते. मी कान टवकारून होते, पण 'च्' काही आला नाही.

निघताना अण्णांनी बजावलं: साबणाचं पाणी, कोरडं फडकं, वरून पावडर. तेल कधीच नाही. काकूंनी बाजरीचं पीठ बांधून दिलं आणि म्हणाल्या, तांबट आळीतून जाशील तेव्हा जरा थांब, ठोके ऐक. परतीच्या वाटेवर सुळका पुन्हा दिसला, या वेळी स्वच्छ काचेतून, पूर्ण. नानांनी विचारलं, हा किती जुना असंल? मी कोट्यवधी वर्षं म्हणाले. ते म्हणाले, तरी ह्याला कोणी तेल लावलं नाय म्हणून टिकला.

इंदिरानगर

दसऱ्याला मी सकाळी लवकर गाडी धुतली. नाना येतील की नाही याची खात्री नव्हती. भंगारवाल्याचं काय झालं हे विचारायची हिंमतही नव्हती. ते रिक्षातून उतरले, हातात झेंडूची माळ आणि पिशवी. माळ त्यांनी स्वतः घातली, हळदकुंकू स्वतः लावलं. 'भंगारवाल्याला मीच नको म्हटलं,' असं त्यांनी माळ बांधता बांधता, माझ्याकडे न बघता सांगितलं.

मग पिशवीतून वाटी काढतील असं मला वाटलं. त्यांनी पावडरीचा डबा काढला. मोगऱ्याच्या वासाची, अंगाला लावायची. आणि धुतलेलं पांढरं फडकं. काचेपाशी गेले, नव्या रबराजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला. डबा आणि फडकं माझ्याकडे धरलं.

"तू लाव, सुमे," नाना म्हणाले. "तुझे हात कोरडे हायेत."

मी सगळ्या गाडीला पावडर लावली, डिकीच्या झाकणाखालीसुद्धा.